बिऱ्हाड पाठीवर : इन्स्टॉल न करता कोडिंग

कॉलेजच्या लॅबमध्ये, तालुक्याच्या वाचनालयातल्या एकुलत्या एक संगणकावर किंवा ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर कोडिंग शिकायचं म्हणून एखादं सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं, त्याच्या सेटअप फाइलवर डबल-क्लिक करावं, की पडदा काळवंडतो आणि मधोमध चौकट येते : ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो आणि लॅब असिस्टंट चहाला गेलेले असतात. गंमत अशी, की त्याच संगणकावर, त्याच लॉगिनमधून, पेनड्राइव्हवरची दुसरी एखादी फाइल काहीही न विचारता उघडते आणि चालूही लागते. दोन्ही प्रोग्रामच, दोन्हींच्या नावाच्या शेवटी तेच ‘डॉट ईएक्सई’. मग एकाला पासवर्ड हवा आणि दुसऱ्याला नको, हे कसं?

प्रोग्राम इन्स्टॉल केल्याशिवाय चालतच नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो खरा नाही. प्रोग्राम चालणं वेगळं आणि इन्स्टॉल होणं वेगळं. पहिल्यासाठी दुसरं लागतंच असं नाही. हा फरक समजून घेतला तर स्वतःचा संगणक नसतानाही प्रोग्रामिंगचा सराव करता येतो.

डबल-क्लिक केल्यावर काय होतं?

प्रोग्राम म्हणजे सूचनांची यादी. ती डिस्कवर फाइलच्या रूपात पडून असते. डबल-क्लिक केलं की विंडोज ती फाइल मेमरीत आणतं आणि तिच्या सुरुवातीला लिहिलेली माहिती वाचतं : हा प्रोग्राम कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, पहिली सूचना कुठे आहे, आणखी कोणत्या फाइली लागणार आहेत. मग प्रोसेसरला सांगतं, इथून सुरू कर. ही फाइल सी ड्राइव्हवर आहे, डेस्कटॉपवर आहे की पेनड्राइव्हवर, याच्याशी या व्यवहारात विंडोजला काही कर्तव्य नसतं.

यातला ‘आणखी कोणत्या फाइली’ हा भाग नीट बघायला हवा. मोठे प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाहीत. खिडकी काढणं, चित्र उलगडणं, फाइल दाबून लहान करणं अशी नेहमीची कामं करणाऱ्या तयार सूचनांचे गठ्ठे वेगळ्या फाइलींत असतात. विंडोजवर त्यांच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डीएलएल’ असतं. प्रोग्रामने असा गठ्ठा मागितला की विंडोज तो ठरलेल्या क्रमाने शोधतं. विंडोजच्या स्वतःच्या काही मूळ फाइली सोडल्या, तर आधी प्रोग्राम ज्या फोल्डरात आहे त्याच फोल्डरात बघतं. तिथे नाही मिळालं, तरच सिस्टीमच्या फोल्डरांकडे वळतं. इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, म्हणजे ‘पोर्टेबल’ सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा या एका नियमावर उभा आहे. लागणारं सगळं शेजारीच ठेवलं, की बाहेर शोधायची वेळ येत नाही.

(हाच नियम व्हायरस लिहिणाऱ्यांच्याही पथ्यावर पडतो. चांगल्या प्रोग्रामच्या शेजारी हव्या त्या नावाची दूषित डीएलएल ठेवली, की तो प्रोग्राम तिलाच उचलतो. म्हणून डाउनलोड्सच्या उकिरड्यातून थेट प्रोग्राम चालवू नयेत. वेगळ्या, रिकाम्या फोल्डरात काढून मग चालवावेत.)

मग सेटअप काय करतं?

इन्स्टॉल करणं म्हणजे नव्या सोसायटीत बिऱ्हाड थाटणं. सामान खोलीत लावून भागत नाही. खाली पाटी लावायची, सोसायटीच्या वहीत नाव चढवायचं, वॉचमनला ओळख द्यायची, टपाल कुठे टाकायचं ते सांगायचं. पोर्टेबल प्रोग्राम म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड : जे काही आहे ते पाठीवर. आला, काम केलं, गेला. वहीत नाव नाही, दारावर पाटी नाही.

आता हेच संगणकाच्या भाषेत. सेटअप आधी प्रोग्रामच्या फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात टाकतं. हे फोल्डर त्या संगणकावरच्या सगळ्या वापरणाऱ्यांचं सामाईक असतं. मग ‘रजिस्ट्री’त नोंदी करतं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मध्यवर्ती नोंदवही. विंडोज ९५ पासून बहुतेक प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज तिच्यातच लिहू लागले. नावाच्या शेवटी ‘डॉट पीवाय’ असलेल्या, म्हणजे पायथन भाषेतल्या, फाइलवर डबल-क्लिक केलं तर कोणाला हाक मारायची, हेही तिच्यातच लिहिलेलं असतं. शिवाय स्टार्ट मेनूत नाव घालायचं आणि काढून टाकण्याची सोय करून ठेवायची.

प्रोग्रामिंगच्या साधनांसाठी आणखी एक नोंद लागते, ती ‘पाथ’ची. पाथ ही फोल्डरांची यादी आहे. कमांडच्या काळ्या खिडकीत तुम्ही नुसतं ‘पायथन’ असं टाइप करता, तेव्हा ते नाव या यादीतल्या एकेका फोल्डरात जाऊन शोधलं जातं. यादीतल्या कुठल्याच फोल्डरात ते नाव सापडलं नाही, तर ‘असा कुठलाही कमांड ओळखीचा नाही’ असं उत्तर मिळतं. नवख्या विद्यार्थ्यांचा पहिला आठवडा बहुधा याच उत्तराशी भांडण्यात जातो आणि प्रोग्रामिंग आपल्याला जमणार नाही असा निष्कर्षही तिथेच निघतो. खरं तर तोवर प्रोग्रामिंग सुरूच झालेलं नसतं.

सामाईक फोल्डरात आणि सामाईक नोंदवहीत लिहिण्याचा परिणाम सगळ्यांवर होतो, म्हणून परवानगी लागते. पडदा काळवंडून परवानगी मागण्याची ही पद्धत २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासूनची. पासवर्ड मागितला जातो तो प्रोग्राम चालवण्यासाठी नव्हे, या सामाईक जागांवर हात ठेवण्यासाठी. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हे.

मुळात ही सामाईक व्यवस्था का केली? डिस्क महाग होत्या म्हणून. एकच डीएलएल दहा प्रोग्रामांनी वापरली तर नऊ प्रतींची जागा वाचे. पण एका प्रोग्रामने आपल्या सोयीची नवी आवृत्ती त्या जागी टाकली की बाकीचे कोलमडत. जागा स्वस्त झाल्यावर हा काटकसरीचा हिशेब उरला नाही आणि प्रत्येकाने आपापली प्रत बाळगणं परवडू लागलं. विंचवाचं बिऱ्हाड शक्य झालं ते त्यामुळे.

काही सेटअप फाइली समंजस असतात, हेही सांगायला हवं. पायथन काय किंवा व्हीएस कोड हा एडिटर काय, फक्त तुमच्या लॉगिनपुरतं, तुमच्याच फोल्डरात इन्स्टॉल करता येतं आणि त्याला पासवर्ड लागत नाही. घरच्या संगणकावर हेच बरं. पण लॅबमध्ये उद्या कोणता संगणक वाट्याला येईल याचा नेम नसतो. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की दिवसभरात झालेले सगळे बदल पुसून ते मूळ अवस्था परत आणतं. अशा ठिकाणी रोज सकाळी नव्याने इन्स्टॉल करत बसणार का?

टर्बो सी : अर्धं पोर्टेबल

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकलेल्या एका अख्ख्या पिढीने एक पोर्टेबल साधन वापरलं आहे, फक्त त्याला तसं म्हटलं नाही. ‘टीसी’ नावाचं फोल्डर मित्राच्या संगणकावरून कॉपी करायचं, सी ड्राइव्हवर चिकटवायचं आणि निळा पडदा उघडायचा. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ मध्ये आलं. त्याआधी १९८३ मध्ये टर्बो पास्कल आलं होतं. लिहायला एडिटर आणि भाषांतर करायला कंपायलर, दोन्ही एकाच छोट्या प्रोग्राममध्ये देण्याची त्याची कल्पना तेव्हा अफलातून होती. डॉसच्या त्या जगात रजिस्ट्री नव्हती. फोल्डर कॉपी झालं की काम झालं.

तरीही टीसी फोल्डर डी ड्राइव्हवर टाकलं की हटकून अडायचं. प्रोग्राम उघडायचा, पण कंपाइल करताना हेडर फाइल सापडत नाही म्हणून ओरडायचा. कारण त्याच्या सेटिंगमध्ये फाइलींचा पत्ता ‘सी ड्राइव्ह, त्यात टीसी, त्यात इन्क्लूड’ असा मुळापासून लिहिलेला होता. याला ॲबसोल्यूट पाथ म्हणतात : पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरासकट. ‘मी जिथे आहे तिथून शेजारच्या इन्क्लूड फोल्डरात’ असा पत्ता असेल तर तो रिलेटिव्ह पाथ, म्हणजे सापेक्ष पत्ता. फोल्डर कुठेही हलवलं तरी सापेक्ष पत्ता बदलत नाही.

पेनड्राइव्हच्या बाबतीत या फरकाला फार किंमत आहे. एका संगणकावर पेनड्राइव्हला ई अक्षर मिळतं, दुसऱ्यावर एफ, तिसऱ्यावर एच. पूर्ण पत्ता लिहिलेलं कोणतंही साधन दुसऱ्याच संगणकावर बंद पडणार. म्हणून नीट बनवलेलं पोर्टेबल साधन सुरू होताना आधी स्वतःलाच विचारतं, ‘मी आत्ता कुठे आहे?’ आणि मग पुढचे सगळे पत्ते त्यावरून काढतं. विंडोजच्या साध्या बॅच फाइललाही, म्हणजे आज्ञांची यादी असलेल्या फाइललाही, हे जमतं. ती आपलं फोल्डर ओळखते, ते पाथच्या यादीत जोडते आणि कमांडची खिडकी उघडून देते. ही जोडणी त्या खिडकीपुरतीच असते. खिडकी बंद केली की विंडोजची मूळ यादी जशीच्या तशी, आणि पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

टर्बो सीबद्दल एक स्पष्ट मत : आता ते सोडावं. ते १६ बिटच्या जमान्यातलं आहे. ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही, डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये चालवावं लागतं. त्यातल्या ‘क्लिअर स्क्रीन’सारख्या सवयी दुसऱ्या कंपायलरवर चालत नाहीत आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. सीच शिकायची असेल तर टायनी सी कंपायलर बघा. फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार या अवलिया प्रोग्रामरने तो लिहिला. त्याची मुख्य फाइल साधारण १०० केबीची आहे. झिप उघडायची, एवढंच काम. एकाच आज्ञेत तो सीचा कोड कंपाइल करून लगेच चालवूनही दाखवतो. पुढे मोठं काम करायचं झालं तर क्रिस वेलन्स यांनी बांधलेलं ‘डब्ल्यू ६४ डेव्हकिट’ आहे. त्यात जीसीसी हा नावाजलेला कंपायलर आणि चुका शोधण्याचं साधन जीडीबी, दोन्ही एका फोल्डरात मिळतात.

संगणकात आधीच काय आहे?

पेनड्राइव्हकडे वळण्याआधी समोरचा संगणक जरा चाचपून बघावा. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर एक कंपायलर आधीपासून असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात ‘मायक्रोसॉफ्ट डॉट नेट’ नावाचं फोल्डर आहे. त्यात ‘फ्रेमवर्क ६४’ आणि त्यात ‘व्ही ४’ने सुरू होणारं फोल्डर. तिथे ‘सीएससी’ नावाची फाइल आहे. ती सी शार्प भाषेचा कंपायलर आहे. आवृत्ती जुनी, २०१२ च्या सुमाराची. पण लूप, फंक्शन, क्लास शिकायला त्याहून नवं काही लागत नाही.

त्याहून सोपं म्हणजे ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स यांतलं काहीही उघडा आणि एफ १२ दाबा. उघडलेल्या पट्टीत ‘कन्सोल’ निवडा आणि बेरजेचं साधं उदाहरण टाइप करून एंटर दाबा. उत्तर येईल. हे जावास्क्रिप्ट आहे. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा दहा दिवसांत उभी केली आणि आज ती चालवणारं यंत्र प्रत्येक ब्राउझरच्या पोटात असतं. एकच पथ्य पाळा : अनोळखी माणसाने पाठवलेला कोड कन्सोलमध्ये चिकटवू नका. उघड्या पानावर तुम्ही लॉगिन केलेलं असेल, तर तो कोड तुमच्या नावाने काहीही करू शकतो.

कन्सोल हा खेळ झाला. पान बनवायचं असेल तर नोटपॅड पुरे. लिहा, नावाच्या शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ देऊन सेव्ह करा आणि त्या फाइलवर डबल-क्लिक करा. इथे दोन खड्डे आहेत. नोटपॅड गुपचूप नावामागे ‘डॉट टीएक्सटी’ जोडतं. सेव्हच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडलं की ते टळतं. दुसरा खड्डा खास आपल्यासाठी. जुन्या नोटपॅडची नेहमीची साठवण ‘एएनएसआय’ पद्धतीची होती. तीत मराठी मजकूर सेव्ह केला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये ‘यूटीएफ-८’ ही पद्धत आपोआप निवडली जाते. लॅबमधला संगणक जुना असेल तर ती हाताने निवडा.

मराठीचा विषय निघालाच आहे तर : पायथनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये चलांना, म्हणजे किंमत साठवायच्या नावांना, मराठी नावं देता येतात. ‘किंमत’, ‘नग’, ‘एकूण’ अशी नावं देऊन बिलाचा हिशेब लिहिला तरी प्रोग्राम विनातक्रार चालतो. कोडमध्ये थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत. पायथनचा एक बारकावा मला फार आवडतो. वापरणाऱ्याने मराठी आकड्यांत ‘१२३’ टाइप केलं आणि तुम्ही ते पायथनच्या ‘इंट’ या फंक्शनकडे दिलं, तर त्याला ते बरोबर समजतं.

पायथनची पाठीवरची बिऱ्हाडं

साधा पोर्टेबल प्रोग्राम एकटा असतो. प्रोग्रामिंगच्या साधनांचा मात्र जथा असतो : कोड लिहायचा एडिटर, तो चालवणारा इंटरप्रिटर किंवा कंपायलर, तयार कोडची लायब्ररी, चुका दाखवणारा डीबगर. सगळ्यांना एकमेकांचा पत्ता माहीत असावा लागतो. ही जुळवाजुळव ज्याने आधीच करून दिली आहे असं साधन निवडावं. नवख्या माणसाने ती स्वतः करायला जाऊ नये.

माझं मत थॉनीला. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ऐवार अन्नामा यांनी शिकणाऱ्यांसाठीच ते बनवलं. पायथन त्याच्या आतच असतो, वेगळा आणावा लागत नाही. त्याची ‘पोर्टेबल’ झिप मिळते; ती उलगडायची आणि थॉनीची ईएक्सई चालवायची. सेटिंग्जही ते स्वतःच्याच फोल्डरात ठेवतं. त्याची खरी करामत डीबगरमध्ये आहे. एखादं गणित असलेली ओळ तो टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवतो : आधी हा कंस, मग हा गुणाकार, मग ही बेरीज, प्रत्येक टप्प्याला त्या जागी उत्तर ठेवत. चलांच्या किमती शेजारच्या तक्त्यात बदलताना दिसतात. फळ्यावर खडूने जे समजावायला तास जातो, ते इथे स्वतःच्या वेगाने बघता येतं.

जुन्या संगणकांच्या शाळांसाठी एक सूचना. पायथन ३.९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. तिथे पायथन ३.८ वर आधारलेली थॉनीची वेगळी झिप घ्यावी. नवी आवृत्ती उतरवून ‘चालत नाही’ म्हणून संगणक भंगारात काढायची गरज नाही.

आकडेमोड, आलेख, विदा-विश्लेषण असं काम असेल तर विनपायथन आहे. नमपाय, पांडाजसारख्या जड लायब्ररी त्यात बांधूनच येतात, त्यामुळे फोल्डरही चांगलंच जाड होतं. व्हीएस कोडची झिप उलगडून, त्याच्या ईएक्सईच्या शेजारी ‘डेटा’ नावाचं रिकामं फोल्डर केलं की तो एडिटर पोर्टेबल होतो. तिथून पुढे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स त्याच फोल्डरात साठतात. इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरचं वागणं एका रिकाम्या फोल्डराने बदलावं, ही मला मोठी सुबक रचना वाटते. नोटपॅड प्लस प्लसमध्येही असाच प्रकार आहे. तिथे एक विशिष्ट नावाची फाइल शेजारी असली की पुरतं.

पायथनच्या संकेतस्थळावर ‘एम्बेडेबल’ नावाची छोटी झिपही दिसते. आकार बघून मोह होतो, पण शिकणाऱ्यांनी ती घेऊ नये. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत बसवण्यासाठी आहे. लायब्ररी उतरवणारं ‘पिप’ तिच्यात नाही, खिडक्या काढणारं ‘टीकेइंटर’ नाही, आयडल एडिटरही नाही. धड्यातला तिसराच प्रोग्राम अडतो.

चौकट : कोणाला काय पुरेल?

*काहीच उतरवायची सोय नाही :* ब्राउझरचा कन्सोल, किंवा नोटपॅड आणि ब्राउझरची जोडी.

*पायथनची सुरुवात, लॅबचा संगणक :* थॉनीची पोर्टेबल झिप. विंडोज ७ असेल तर ३.८ ची आवृत्ती.

*अभ्यासक्रमात सी आहे :* टायनी सी. पुढच्या वर्षी डब्ल्यू ६४ डेव्हकिट आणि पोर्टेबल व्हीएस कोड.

*फक्त फोन आहे :* अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३.

*इंटरनेट भरवशाचं आहे :* ब्राउझरमधली नोटबुकं, म्हणजे कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर दाखवणारी संकेतस्थळं.

ब्राउझरच्या पोटात पायथन

अनेक संकेतस्थळांवर कोड लिहून ‘रन’ दाबलं की उत्तर मिळतं. दिसायला सगळी सारखीच, पण आत दोन निरनिराळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात तुमचा कोड दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथे चालतो आणि फक्त उत्तर परत येतं. गूगलचं कोलॅब या जातीचं. तुमचा संगणक कितीही मरतुकडा असला तरी चालतं, कारण कष्ट दुसरीकडे होतात. पण जोडणी तुटली की काम थांबतं.

दुसऱ्या प्रकारात कोड तुमच्याच संगणकावर, ब्राउझरच्या आत चालतो. ब्राउझरला तर जावास्क्रिप्टच येते. मग तो पायथन कसा चालवतो? याचं उत्तर ‘वेबअसेम्ब्ली’. ब्राउझरला झपाट्याने चालवता येतील अशा प्राथमिक सूचनांचा हा एक संच आहे. २०१७ पर्यंत चारही मोठ्या ब्राउझरांनी तो स्वीकारला. पायथनचा इंटरप्रिटर हा स्वतः सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे. तो विंडोजसाठी कंपाइल केला की विंडोजवर चालतो, लिनक्ससाठी केला की लिनक्सवर. वेबअसेम्ब्लीसाठी कंपाइल केला की ब्राउझरमध्ये चालतो. मायकेल ड्रोटबूम यांनी २०१८ मध्ये मोझिलात हेच केलं; त्या प्रकल्पाचं नाव पायोडाइड. पान उघडताना अख्खा इंटरप्रिटर, काही एमबींचा, ब्राउझरमध्ये उतरतो. त्यानंतर तुमचा कोड कुठेही जात नाही. ज्युपिटरलाइट ही नोटबुकं या पायावर उभी आहेत.

समोरचं संकेतस्थळ यांतलं कोणतं, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पान पूर्ण उघडू द्या, एकदा कोड चालवून बघा, मग वाय-फाय बंद करून पुन्हा ‘रन’ दाबा. उत्तर आलं तर पायथन तुमच्याकडे आहे.

फोनबद्दल थोडक्यात. घरात संगणक नाही पण फोन आहे, अशा मुलांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. पायड्रॉइड ३ मध्ये इंटरप्रिटर आतच असल्याने ते इंटरनेटशिवाय चालतं. अडचण कीबोर्डची. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते आणि अंगठ्याने ती सांभाळणं जिकिरीचं. ओटीजी जोडणीने साधा यूएसबी कीबोर्ड फोनला लावला की हा त्रास बराच कमी होतो.

पेनड्राइव्हवर किती विसंबावं?

पेनड्राइव्ह मोठी फाइल बऱ्यापैकी वेगाने वाचतो, पण हजारो चिमुकल्या फाइली हाताळताना दम तोडतो. पायथनची लायब्ररी नेमकी अशा चिमुकल्या फाइलींचीच असते. म्हणून पेनड्राइव्हवर उलगडलेलं फोल्डर न ठेवता झिप ठेवावी, लॅबमध्ये ती डेस्कटॉपवर उलगडून तिथून चालवावी आणि निघताना फक्त आपल्या कोडच्या फाइली परत न्याव्यात. थॉनी डुलक्या घेतंय असं वाटलं, तर दोष बहुधा पेनड्राइव्हचा असतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या झिपवर विंडोज ‘ही बाहेरून आलेली आहे’ असा शिक्का मारतं. उलगडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केलं की नंतरच्या इशाऱ्यांची कटकट वाचते. अर्थात झिप मूळ संकेतस्थळावरूनच घेतली आहे याची खात्री असेल तरच.

झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला आणि आतल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. तो एका जातीच्या व्हायरसचा उद्योग असतो : खरी फोल्डरं लपवायची आणि त्यांच्या नावाचे सापळे पुढे ठेवायचे. लॅबचे लोक पेनड्राइव्ह लावू देत नाहीत ते उगाच नाही. प्रिंटसाठी एक आणि कोडिंगसाठी दुसरा, अशी विभागणी ठेवणं स्वस्तात पडतं.

पासवर्डची चौकट न येणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे, हेही लक्षात ठेवावं. बँका आणि मोठ्या कंपन्या मान्य यादीत नसलेला प्रोग्राम चालूच देत नाहीत, तो कुठल्याही फोल्डरात असो. तिथे आडवाटा शोधू नयेत, नोकरीवर बेततं. कॉलेजमध्ये सरांना किंवा मॅडमना थॉनीचं फोल्डर दाखवून विचारावं. इन्स्टॉल काहीच करायचं नाही म्हटल्यावर बहुतेक जण तयार होतात. शिकवणाऱ्यांसाठी तर हा मार्ग जास्तच सोयीचा आहे : एकच झिप सगळ्या संगणकांवर कॉपी केली की सगळ्यांकडे तीच आवृत्ती, तीच मांडणी, आणि ‘माझ्याकडे वेगळंच दिसतंय’ ही तक्रार बंद. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी आवाजातही आहेत. एका खिडकीत धडा आणि शेजारी थॉनी असं ठेवून वर्ग चालवता येतो.

थॉनीची झिप हरवली तर पुन्हा उतरवता येईल. तुम्ही लिहिलेल्या कोडची प्रत मात्र दुसरीकडे कुठेच नसते, आणि पेनड्राइव्ह सूचना देऊन मरत नाहीत. प्रॅक्टिकल संपलं की उठण्याआधी आपल्या फाइली स्वतःला ईमेल करा.